पांढरीपांडेबाई पेपरात आल्या तेव्हा

इंदूताई पांढरीपांडे यांचं नाव पेपरात दोनदा छापून आलं आणि दोन्ही वेळा चुकीचं आलं. पहिल्यांदा 'श्रीमती इंदु पांडे' आणि दुसऱ्यांदा 'इंदिरा पांढरे'. पहिल्या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पेपर डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अच्छा. अर्धं नाव इथंच खाल्लं यांनी. मग बाकीच्या बातमीचं काय केलं असेल?"

बाकीच्या बातमीचं जे केलं होतं, ते निस्तरायला इंदूताईंना चार महिने लागले.

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा मला जबलपूरच्या सैन्याच्या फॅक्टरीत, ड्रॉइंग ऑफिसात लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी ट्रेसर होते. ड्राफ्ट्समननं कागदावर काढलेल्या नकाशावर मेणकापडासारखं एक निळसर कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, हे आमचं काम. त्यावरून पुढे ब्लू प्रिंट निघत आणि त्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर काम चाले तिथे, जात. आम्ही तिघी बायका होतो आणि त्यांत इंदूताई सर्वांत जुन्या. त्यांचे यजमान याच ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ते टायफॉइडनं गेले, त्यानंतर यांना नोकरी मिळाली. मूलबाळ नव्हतं. चेरीतालला दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या सासूबाई राहत. वय बेचाळीसच्या आसपास, अंगानं चांगल्या भरलेल्या, उजवा गुडघा अधू. बारा महिने हातात काळी छत्री. पावसात पाऊस म्हणून, उन्हात ऊन म्हणून, आणि थंडीत? "थंडीत सवय म्हणून," असं त्या सांगत.

त्यांच्याशी बोलताना माणसाची जरा पंचाईत होई. तुम्ही काही सांगायला लागलात की त्या म्हणत, "अच्छा. तू पाहिलं का कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं असेल तर, "कोणी?" आणि ज्यानं सांगितलं त्यानं पाहिलं होतं का? कॅन्टीनमधल्या गप्पा त्यांच्यासमोर तीन मिनिटांत मरून जात. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना टाळत. मीही सुरुवातीला टाळत असे.

एकदा एका नकाशात भोकाचं माप मला उघड उघड चुकलेलं दिसलं. शेजारच्या दोन मापांशी ते जुळतच नव्हतं. मी ट्रेस करताना आकडा दुरुस्त करून टाकला. इंदूताई तपासायला बसल्या आणि त्यांचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"हे काय करून राहिली तू?"

"ताई, खालचं चुकलेलं होतं."

"कोणी सांगितलं?"

"मला वाटलं."

त्यांनी मला उठवलं, हाताला धरून ड्राफ्ट्समनच्या टेबलापाशी नेलं आणि विचारायला लावलं. त्यानं बघितलं, जीभ चावली आणि म्हणाला की माझंच बरोबर आहे. मला वाटलं, आता ताई शाबासकी देतील. जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर निघालं हे तुझं नशीब. पण वाटलं म्हणून रेघ मारायची नाही, सुमन. विचारायचं." मग ब्लेड घेऊन त्यांनी तो आकडा खरवडून काढला आणि ड्राफ्ट्समननं आपल्या कागदावर सही करून दुरुस्ती केल्यावर मला तोच आकडा पुन्हा लिहायला लावला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

लढाई लागली तशी फॅक्टरीची तऱ्हाच बदलली. रविवारची सुट्टी निम्मी झाली, दुपारी कामावर जावं लागे. खिडक्यांच्या काचांना आम्ही तपकिरी कागद चिकटवले. फाटकावर जेवणाचे डबे उघडून पाहायला लागले. शहरात रोज नवी अफवा असे. भेडाघाटला हवाई छत्रीतून माणसं उतरली, स्टेशनवर साधूच्या वेशात कोणी पकडला, कोणाच्या गच्चीवरून दिव्यानं खुणा झाल्या. इंदूताईंचा प्रश्न ठरलेला, "तू पाहिलं?" त्या दिवसांत तो प्रश्न लोकांना अजिबात आवडत नसे.

त्या एका शनिवारी कशी कोण जाणे, आम्हांला दुपारची सुट्टी मिळाली. इंदूताईंच्या सासूबाईंच्या कानातल्या कुड्यांचं मळसूत्र झिजलं होतं, ते बदलून घ्यायला त्या सराफ्यात निघाल्या होत्या. मी सोबत गेले. चारचा सुमार. ऊन मी म्हणत होतं आणि इंदूताईंची छत्री उघडी होती.

आम्ही गल्लीत शिरलो तेवढ्यात पुढे एक म्हातारी ओरडली. एका दुकानाच्या पायरीवरून ती उतरत होती आणि तिच्या हातातली पुरचुंडी हिसकून एक माणूस आमच्याच दिशेनं पळत सुटला होता. हडकुळा, अंगात खाकी सदरा, अनवाणी. लोक बाजूला झाले. मीसुद्धा भिंतीला चिकटले. इंदूताई मात्र एक पाऊल बाजूला सरकल्या, गल्लीच्या मधोमध, आणि उघडी छत्री त्यांनी ढालीसारखी आडवी समोर धरली. तो सरळ छत्रीत घुसला. काड्या मोडल्याचा आवाज झाला, दोघंही खाली आले, आणि धूळ बसली तेव्हा तो पालथा पडलेला होता आणि इंदूताई त्याच्या पाठीवर बसल्या होत्या.

घटना एवढीच. मोजून दहा-बारा सेकंदांची.

मग गर्दी जमली आणि शूर झाली. ज्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली होती, तेच आता लाथा मारायला पुढे आले. इंदूताई खाली बसल्या बसल्याच ओरडल्या, "खबरदार! मैंने पकड़ा है. कोई हाथ नहीं लगाएगा!" एकदोन लाथा तरी बसल्याच. त्यांतली एक इंदूताईंच्या पोटरीवर. कोणीतरी त्या माणसाचे खिसे उलटे केले. एक विडी निघाली आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा.

"नक्शा! नक्शा है इसके पास!" असं कोणी ओरडलं, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं "जासूस है!" झालं.

हवालदार आला. तो कागद हातोहात फिरत इंदूताईंसमोरूनही गेला. त्यांनी तो नीट पाहिला. नंतर चौकीत जबानी देताना तो टेबलावर पडला होता, तेव्हा पुन्हा एकदा पाहिला. मी बाहेर बाकावर बसले होते. तिथे एक तरुण माणूस वही घेऊन आला. एका हिंदी पेपरचा बातमीदार. त्यानं मला घाईघाईनं चार प्रश्न विचारले. त्यांतला एक होता, "छुरा-वुरा था उसके पास?"

मी म्हणाले, "होगा. मैंने ठीक से देखा नहीं."

हे वाक्य मी आज साठ वर्षांनी जसंच्या तसं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बातमीदार फोटोवाल्याला घेऊन चेरीतालला गेला. इंदूताई दारात उभ्या राहिल्या, हातात मोडकी छत्री. फोटोवाला म्हणाला, छत्री शोभत नाही, काही लाठी वगैरे नाही का? सासूबाई उत्साहानं आत गेल्या आणि कपडे वाळत घालायची काठी घेऊन आल्या. इंदूताईंनी ती हातात धरली. फोटो निघाला.

बातमी सोमवारी आली. 'वीरांगना ने छुरेबाज़ जासूस को दबोचा.' खाली काठी घेतलेल्या 'श्रीमती पांडे'. मजकूर असा की, सैन्याच्या कारखान्यात देशसेवा करणाऱ्या या वीर विधवेनं, हातात छुरा असलेल्या शत्रूच्या हस्तकाला एकटीनं लोळवलं, आणि त्याच्याजवळ कारखान्याचा गुप्त नकाशा सापडला. म्हातारी आणि तिची पुरचुंडी शेवटच्या ओळीत होती. छत्री कुठेच नव्हती.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी येऊन हात जोडले. सासूबाईंनी बातमी कापून देवघराच्या फळीवर ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. इंदूताईंनी जेवणाच्या सुट्टीत पेपर शेवटपर्यंत वाचला आणि मला म्हणाल्या, "काठी धरायला नको होती मी. काहून धरली कोणास ठाऊक. फोटो काढून राहिले म्हटल्यावर बरं वाटलं थोडं." मग पेपरवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हा छुरा कुठून आला?"

मी डबा बंद करत होते. तो उचलून मी नळावर धुवायला गेले.

पुढच्या रविवारी सकाळी त्या आमच्या राइट टाउनच्या घरी आल्या. हातात एक कागद. त्यांनी तो नकाशा आठवणीनं पुन्हा काढला होता. एक चौकोन, त्यावर 'कारखाना' लिहिलेलं. एक फाटक. दोन समांतर रेघा, म्हणजे रेल्वेलाइन. एक झाड, एक नळ, आणि त्यापुढे फुली.

"हा कारखान्याचा गुप्त नकाशा? अगं, यात कारखाना म्हणजे नुसता एक चौकोन आहे. चौकोन तर लहान पोरही काढते. हा फुलीकडे जायचा नकाशा आहे. चल, फुली पाहून येऊ."

आई नको म्हणत होती. तरी मी गेले. छुऱ्याचं ओझं मनावर होतं म्हणून गेले, असं आता वाटतं. आम्ही रिक्षानं फॅक्टरीच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथून पायी. लाइन ओलांडली. पिंपळ होता. नळ होता, त्याच्याभोवती बायकांची रांग होती. नळाच्या पुढे आठ-दहा झोपड्यांची ओळ, आणि टोकाच्या झोपडीच्या दारात एक बाई रिकामी बादली पुढ्यात घेऊन बसली होती.

तिचं नाव गेंदाबाई. पकडलेला सुखलाल तिचा धाकटा भाऊ. दमोहकडच्या गावाहून तो काम शोधायला आला होता आणि बहिणीचं घर सापडावं म्हणून गावच्या मास्तरांनी त्याला कागदावर वाट काढून दिली होती. कधीतरी येऊन गेलेल्या माणसाकडून मास्तरांनी ती विचारून घेतली असावी. काम मिळालं नाही. महिनाभर तो बहिणीकडे जेवत होता आणि तिचा नवरा कुरकुर करत होता. त्या शनिवारी तो सकाळी निघून गेला, तो परत आलाच नाही. मग सोमवारी वस्तीत कोणीतरी पेपर वाचून दाखवला. तेव्हापासून हिला नळावर उभी राहू देत नव्हते. नवरा चार दिवस झाले घरी आला नव्हता.

"बाई, पेपर में का लिखो है?" गेंदाबाईनं विचारलं. "कोऊ पूरो नईं बतात."

इंदूताईंच्या पिशवीत पेपर होता. त्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसल्या, अधू पाय लांब केला आणि त्यांनी ती बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. आपल्याबद्दलचं 'वीरांगना' वगैरेसुद्धा न गाळता. मग पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "इसमें दो बातें सच हैं. तुम्हारे भाई ने चोरी की. और मैंने उसको पकड़ा. बाकी सब झूठ."

गेंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. समोर बसलेली बाई कोण ते तिला आत्ता कळलं होतं. मला वाटलं, ही आता शिव्या देईल. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं, "चोरी की है ना? खाली चोरी?" आपला भाऊ फक्त चोर आहे, हे ऐकून तिला हायसं वाटलं होतं.

इंदूताई उठल्या, बादली उचलली आणि तिला घेऊन नळावर गेल्या. रांगेतल्या एकीनं त्यांना ओळखलं. "अरे, जेई तो हैं! फोटो वाली!" बायका गोळा झाल्या. इंदूताई म्हणाल्या, "हाँ, मैं वही हूँ. मैंने पकड़ा, तो मुझसे पूछो. वो चोर है, जासूस नहीं है. और ये न चोर है, न जासूस. इसको पानी भरने दो." बादली भरली. परत येताना इंदूताई म्हणाल्या, "पाहिलं? मी खरं बोलून राहिले म्हणून नाही ऐकलं त्यांनी. पेपरात फोटो आला म्हणून ऐकलं."

लाइनीपाशी मी थांबले आणि त्यांना सांगून टाकलं. छुरा माझा होता. मी 'होगा' म्हणाले होते.

त्यांनी रागावून बोलावं असं मला फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "अच्छा." दोन पावलं चालल्या. "मग कोर्टात सांगशील?"

"सांगेन."

दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर त्या पेपरच्या कचेरीत गेल्या, मला घेऊन. संपादक वयस्क, गोड बोलणारे. त्यांनी चहा मागवला. इंदूताईंनी चार ओळी लिहून नेल्या होत्या, त्या पुढे ठेवल्या. छुरा नव्हता. नकाशा घराच्या वाटेचा होता. धरलं ते छत्रीनं. नाव पांढरीपांडे.

"बहनजी," संपादक म्हणाले, "हमने आपको इतना ऊँचा उठाया, और आप हैं कि नीचे उतरना चाहती हैं."

"मैं जितनी हूँ उतनी ही छापिए."

"देखिए, लड़ाई चल रही है. लोगों को हौसला चाहिए. छाते से हौसला नहीं आता."

"छाते से ही पकड़ा है," इंदूताई म्हणाल्या. "आप लिखते कि छाते से भी पकड़ सकते हैं, तो चार लोग और पकड़ते. उस गली में सौ आदमी खड़े थे. छुरेवाला जासूस पढ़कर तो वो और दूर भागेंगे."

दारात तो तरुण बातमीदार उभा होता. त्यानं मान खाली घातली. ओळी छापू, असं संपादकांनी कबूल केलं. आणि तीन दिवसांनी खरंच छापलं. मथळा होता, 'वीरांगना का बड़प्पन: देशद्रोही को किया क्षमा'. खाली, 'श्रीमती इंदिरा पांढरे ने हमारे प्रतिनिधि से कहा...'

त्या दिवशी मी इंदूताईंना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. "मी कधी क्षमा केली? म्हातारीचे चांदीचे तोडे होते त्या पुरचुंडीत! चोरी केली त्यानं, शिक्षा झाली पाहिजे. चोरीची! क्षमा करणारी मी कोण?"

तरीही सत्कार ठरला. शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. शाल, नारळ, हार. 'राणी', 'रणचंडी' असे शब्द झाले. मग इंदूताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि ऑफिसात काम समजावून सांगावं त्या आवाजात बोलल्या. आपण छत्री आडवी धरली, तो येऊन आदळला, दोघं पडलो. "आप लोग कहते हैं कि मैं उसके ऊपर बैठ गई. मैं बैठी नहीं. मैं गिरी. फिर मुझसे उठा नहीं गया, मेरा घुटना खराब है."

हॉल हसला. प्रेमानं हसला. इंदूताई थांबल्या, हसू संपू दिलं आणि पुढे म्हणाल्या की त्याच्या हातात शस्त्र नव्हतं, कागद बहिणीच्या घराचा होता, त्या स्वतः तिथे जाऊन आल्या आहेत, आणि त्या बहिणीला वस्तीत पाणी मिळत नव्हतं. आता कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून गेले. अध्यक्षांनी घाईनं आभार मानले. शाल मिळाली, हार मात्र टेबलावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी फॅक्टरीत त्यांना सुरक्षा अधिकाऱ्याकडून बोलावणं आलं. ड्रॉइंग ऑफिसातली बाई, लढाईचे दिवस, आणि संशयिताच्या नातेवाइकांकडे जाणं-येणं. शिवाय तिनं एक नकाशा आठवणीनं काढला असंही कळलं होतं. दोन तास प्रश्न झाले. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्यांचं बरोबर आहे," मला म्हणाल्या. "त्यांनी विचारायलाच पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून त्यांना नकाशांपासून दूर, स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. पेन्सिली आणि खोडरबर वाटायचं काम. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता पेन्सिल घ्यायला शिपायाला पाठवत. सासूबाईंनी कात्रण फळीवरून काढून गादीखाली सरकवलं. ही नोकरी गेली तर त्या दोघींना दुसरा आधार नव्हता, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घरी सांगितलं की मला कोर्टात जायचं आहे. बाबा पोस्टात होते, साधे माणूस. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सुमन, तुझी नोकरी वर्षाची. त्या बाईंचं पाहते आहेस नं? आणि तुझं लग्न व्हायचंय." आईनं जेवण सोडलं. मी दोन दिवस हो-नाही केलं. मग इंदूताईंना स्टेशनरीच्या खोलीत जाऊन सांगितलं की मला जमणार नाही. त्या खोडरबर मोजत होत्या. म्हणाल्या, "बरं. जा, साहेब शोधतील तुला."

खटला थंडीत उभा राहिला. तोवर लढाई थांबली होती. जासूसपणाचं काही पुढे आलंच नाही. ते पेपरातून निघालं होतं आणि पेपरातच विरून गेलं. पण छुरा टिकून होता. म्हातारीच्या मुलानं बातमी आल्यानंतर तक्रारीत छुरा लिहून दिला होता, आणि वाचून दाखवल्यावर म्हातारीलाही तो आठवायला लागला होता. छुरा असला तर शिक्षा वर्षांची होती, नसला तर महिन्यांची.

मी अर्ध्या दिवसाची रजा काढून मागच्या बाकावर जाऊन बसले. सुखलाल मला ओळखूही आला नाही, इतका वाळला होता. इंदूताई साक्षीला उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, हातात काय होतं?

"एका हातात पुरचुंडी. दुसरा हात रिकामा होता. तो त्यानं छत्रीवर आपटला, कापडावर पाच बोटं उमटलेली दिसली मला."

"पण बाई, पेपरात स्पष्ट आलं आहे की छुरा होता."

"पेपर तिथे नव्हता," इंदूताई म्हणाल्या. "मी होते."

"मग छुऱ्याची गोष्ट निघाली कुठून?"

मी बाकाची कड घट्ट धरली. इंदूताईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"घाबरलेल्या माणसानं काही सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं नाही, त्याबद्दल मी बोलत नाही."

सुखलालला चोरीची शिक्षा झाली. काही महिन्यांची, त्यातले बरेचसे आत काढून झालेले. गेंदाबाई बाहेर व्हरांड्यात इंदूताईंच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं आणि म्हणाल्या, "मेरे नहीं. उस माँजी के पास जाओ, जिनके तोड़े थे." आणि गेंदाबाई खरंच गेली. म्हातारीनं तिला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी कोर्टात एकही पेपरवाला नव्हता. नंतर त्या तरुण बातमीदारानं कुठूनतरी निकाल मिळवून सहा ओळी छापून आणल्या, बाजारभावांच्या खाली. मजकूर सगळा बरोबर होता. बाईंचं नाव मात्र घातलं नव्हतं. पुन्हा चुकायची भीती वाटली असेल. ऑफिसात ती बातमी कोणी वाचली नाही. मी कापून इंदूताईंना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हुशार आहे पोरगा. शिकेल."

वसंतपंचमीच्या सुमारास त्या पुन्हा आपल्या टेबलावर आल्या. कोणी काही बोललं नाही, त्यांनीही नाही. नवी छत्री घेतली होती. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच वागल्या. माझं काम तपासताना पहिल्याइतक्याच चुका काढल्या. कोर्टाचा विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही. त्यांनी एकदा तरी काढावा म्हणून मी पुढची तीन वर्षं वाट पाहत होते.

मग माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. पत्रं सुरुवातीला असत, मग संक्रांतीला एक, मग तेही राहिलं. एकाहत्तरच्या लढाईत मी त्यांना लिहिलं, तर एका कार्डावर उत्तर आलं. काम फार आहे, सासूबाई गेल्या, अफवा पहिल्यासारख्याच आहेत.

त्यानंतर दोन वर्षांनी चुलतभावाच्या लग्नाला जबलपूरला गेले होते. परतीच्या दिवशी दुपारी मी रिक्षानं स्टेशनकडे निघाले, गाडीला थोडाच वेळ होता. चढावावर एक टांगा अडला होता. वर सिमेंटची पोती रचलेली, घोड्याचे पुढचे पाय घसरत होते आणि टांगेवाला चाबूक चालवत होता. एक लठ्ठ, केस पिकलेली बाई लंगडत रस्त्याच्या मधोमध आली आणि तिनं घोड्याचा लगाम धरला. मी इंदूताईंना पाठीवरूनच ओळखलं.

रस्ता रिकामा होता. टांगेवाला ओरडत होता, त्या शांतपणे काहीतरी विचारत होत्या. मी "ताई!" म्हणून हाक मारली, पण माझी रिक्षा तोवर उताराला लागली होती. मी वळून पाहत राहिले. टांगेवाला खाली उतरला. त्यानं एक पोतं काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं, मग दुसरं. इंदूताई घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि चौथं पोतं उतरेपर्यंत तरी त्यांनी लगाम सोडला नव्हता.